भावोजींची गाडी आणि पावणेनऊचं पंचिंग

फोंड्याजवळच्या कवळ्याहून एका वाचक बाईचं पत्र आलंय. नाव टाकू नका म्हणालीय, म्हणून नाव देत नाही. पत्र बरंच मोठं होतं, त्यातलं मुख्य तेवढं तिच्याच शब्दांत देते.

"ताई, मी पणजीला पाटोवर एका खासगी ऑफिसात बिलिंगचं काम करते. पावणेनऊला पंचिंग. गेलं वर्षभर मी माझ्या दिरांच्या गाडीतून जाते, म्हणजे मिस्टरांचे मावसभाऊ, ते पणजीलाच सरकारी नोकरीत आहेत, त्यांचं ऑफिस साडेनऊचं. ठरलंय असं की ते पावणेआठला आमच्या वाड्यावर येणार. कधी आठ, कधी सव्वाआठ. फोन केला तर 'निघालोच' म्हणतात आणि मागे नळाचा आवाज येत असतो. मग रस्त्यात गाडी अशी हाणतात की बाणस्तारीच्या पुलापर्यंत मी देवाचं नाव घेते. आमच्याकडे तीन लेट मार्क झाले की अर्धी सुट्टी कापतात, माझ्या या वर्षीच्या सगळ्या सीएल अशाच गेल्या. मुलगा आजारी पडला तेव्हा घ्यायला सुट्टी नव्हती. संध्याकाळी मी साडेपाचला सुटते, ते मित्रांबरोबर चहाला जातात, मी खाली गेटवर उभी. कधी साडेसहा, कधी सात. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर 'घरच्या माणसाकडून पैसे घेऊ?' म्हणून रागावतात. मिस्टर म्हणतात, फुकट घरून ऑफिसला आणि ऑफिसातून घरी, अजून काय पाहिजे. मावशी, म्हणजे दिरांची आई, सगळ्यांना सांगत असतात की माझा मुलगा सुनेला रोज नेतो-आणतो. आता मी काही बोलले तर मीच कृतघ्न. माणूस खरंच चांगला आहे हो ताई, नाटकात काम करतो, सगळ्यांच्या मदतीला धावतो. पण मी रोज सकाळी गेटवर उभी राहून रडायच्या बेताला येते. काय करू?"

बाय, पहिलं सांगते ते हे की तू कृतघ्न नाहीस. सकाळी गेटवर डबा-पर्स घेऊन उभं राहणं, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणं, लांबून कुठल्याही गाडीचा आवाज आला की मान वळवणं, हे रोज वर्षभर करायला लागलं तर कुठल्याही माणसाला रडू येईल. ज्यांना स्वतःची गाडी आहे आणि हवं तेव्हा निघता येतं त्यांना हे कळत नाही, त्यांना वाटतं पंधरा मिनिटांचा तर प्रश्न, त्यात काय एवढं. पण तुझी सकाळ त्या पंधरा मिनिटांच्या आधीच सुरू झालेली असते, मुलाची बालरथ म्हणजे शाळेची बस, डबे, सासूबाईंचा चहा, हे सगळं तू वेळेत उरकलेलं असतंस आणि मग शेवटी ज्यावर तुझा काही ताबा नाही अशा एका गोष्टीपाशी येऊन सगळं अडकतं.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा वाचायला लावते, तू ती सहज लिहून गेलीस. त्यांचं ऑफिस साडेनऊचं. फोंडा ते पणजी साधारण तीस किलोमीटर, गाडीने पाऊण ते एक तास धर. म्हणजे ते सव्वाआठला निघाले तरी सव्वानऊच्या आत पोहोचतात, स्वतःच्या ऑफिसला आरामात. त्यांच्या हिशेबात त्यांना उशीर होतच नाही ग! उलट त्यांच्या डोक्यात असं असणार की मी तुझ्यासाठी रोज अर्धा तास आधी बाहेर पडतो. आणि ते खोटंही नाही. तू पावणेआठ म्हणतेस तेव्हा तुला मागे पावणेनऊचं पंचिंग दिसतं, त्यांना मागे काहीच दिसत नाही, लेट मार्क त्यांच्या नावावर पडत नाही, सुट्टी त्यांची कापली जात नाही. माणूस वाईट नाही हे तू म्हणतेस ते मला पूर्ण पटतं. पण दोन ऑफिसांच्या दोन वेळा एका गाडीत बसवल्या आहेत आणि त्यातली कडक वेळ तुझी आहे, सैल त्यांची, आणि गाडीची चावी सैल वेळवाल्याच्या हातात. हे असं रचलेलं असताना रोज वेळेवर निघणं होणं कठीण होतं, ते सुरुवातीलाच कुणी बघितलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की भावोजींना सुधारायच्या मागे लागू नकोस. फोन करून उठवणं, आदल्या रात्री आठवण करणं, मिस्टरांकडून बोलवून घेणं, जावेला सांगणं, यातलं काही करू नकोस. आठवडाभर फरक पडेल, मग पुन्हा तेच, आणि मधल्या मध्ये घरात कटकट. सकाळचं पंचिंग त्यांच्या हातातून काढून घे, एवढंच. सकाळी तू बसने जा.

मला माहीत आहे तू काय म्हणशील, बस म्हणजे दगदग. थोडी आहेच. पण तू ज्या रस्त्यावर राहतेस तो गोव्यातल्या बऱ्या रस्त्यांपैकी आहे या बाबतीत. सत्तरीच्या आतल्या गावातून किंवा काणकोणच्या कोपऱ्यातून कुणी मला हे पत्र लिहिलं असतं तर मी बसचं नाव इतक्या सहज घेतलं नसतं, तिथे एक बस चुकली की दुसरीची वाट बघताना माणूस म्हातारा होतो. फोंडा-पणजी तसं नाही. कदंबच्या, म्हणजे सरकारी, बस आहेत, प्रायव्हेट आहेत, सकाळच्या वेळी एकामागून एक असतात, फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोम, बाणस्तारी, जुने गोवे करत पणजीच्या कदंब स्टँडवर. आणि तुझं ऑफिस पाटोवर, म्हणजे स्टँडवरून चालत पाच-सात मिनिटं! सांतिनेजला किंवा दोनापावलला ऑफिस असतं तर पुढे आणखी एक बस नाहीतर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करावा लागला असता, तुला तो त्रास नाही. तुझी अडचण एकच आहे, कवळ्याच्या आतल्या वाड्यावरून फोंड्याच्या स्टँडपर्यंत येणं.

तर त्याबद्दल. पत्रात पुढे तू लिहिलंयस की मिस्टर तिस्कावरून कंपनीच्या बसने जातात आणि स्कूटर घरी असते, तुला लायसन्स आहे पण तू फक्त गावात चालवतेस, हायवेवर भीती वाटते. बाय, पणजीपर्यंत स्कूटर न्यायला मी पण सांगणार नाही. गोव्यात वर्षाला दोनशेहून जास्त माणसं रस्त्यावर जातात आणि त्यात सगळ्यात जास्त दुचाकीवरची, तुझी भीती शहाणपणाची आहे. पण कवळ्याहून ढवळीवरून फोंड्यापर्यंत, सकाळी सात-सव्वासातला, तेवढं तुला जमेल. हेल्मेट घालून, पट्टा लावून, सावकाश. स्टँडच्या आसपास स्कूटर लावायची जागा आधी बघून ठेव, ओळखीच्या कुणाचं दुकान, घर, गॅरेज असेल तर तिथे विचार, फोंड्यात तुझ्या माहेरच्या-सासरच्या ओळखीचं एक तरी घर असणारच. नाही जमलं तर मिस्टरांना एक आठवडा सोबत येऊ दे, स्कूटर तू चालव, ते मागे बसू देत (त्यांनी पण हेल्मेट घालायचं, मागे बसणाऱ्यालाही कायद्याने लागतं), मग ते तिस्कावर उतरतील आणि तू पुढे जा. एका आठवड्यात तुझा हात बसेल.

पण लगेच सोमवारपासून सुरू करू नकोस. आधी एखाद्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा नाहीतर शनिवारी, खरोखर त्या वेळेला घरून निघून बघ. मुलाची बालरथ गेल्या गेल्या निघायचं, स्टँडवर किती वाजता पोहोचतेस, कुठली बस लागलेली असते, ती भरेपर्यंत थांबते की वेळेवर सुटते, पणजीत किती वाजता उतरतेस, सगळं मोबाईलमध्ये लिहून ठेव. प्रायव्हेटवाले गिऱ्हाईक घ्यायला मध्येमध्ये थांबतात, फर्मागुडीला कॉलेजची मुलं चढतात, तो वेळ धरून हिशेब कर. आणि जी बस तुला आठ पंचवीसच्या आसपास पणजीत सोडते ती तुझी बस, तिच्या पुढची नाही. पुढची धरली की पुन्हा तीच धडधड सुरू. चार दिवस गेलीस की कंडक्टर ओळखायला लागतो, रोजच्या बायका ओळखीच्या होतात, एकमेकींसाठी जागा धरतात, आणि एखादी दिसली नाही तर फोन करून विचारतात. कदंबचा महिन्याचा पास निघतो, तुझ्या वेळेला कदंब सोयीची पडली तर स्टँडवरच्या खिडकीवर चौकशी कर.

पावसात काय, हा प्रश्न तू विचारणार. जून ते सप्टेंबर स्कूटरवरून फोंडा म्हणजे रेनकोट, एक जोडी चपला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि फार ओतत असेल त्या दिवशी गावातली लोकल बस किंवा शेजारचं कुणी. दहा-पंधरा मिनिटं आधी निघावं लागेल, त्याला इलाज नाही. आणि पावसात बस पण अडकते, तशीच ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, दिवसांत अडकते, नोव्हेंबरात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या वेळी पणजीत शिरताना अडकते. पण तो उशीर वेगळा असतो, तुझ्या लक्षात येईल. रस्ता अडला म्हणून अख्खी बस उशिरा पोहोचते तेव्हा ऑफिसातले चार जण त्याच कारणाने उशिरा आलेले असतात आणि साहेबाला पण ते माहीत असतं. घरून निघायलाच उशीर झाला तर त्याला काय कारण सांगणार तू? दिराच्या आंघोळीचं?

आता कठीण भाग. सांगायचं कसं.

तू पत्रात 'तक्रार' हा शब्द चार वेळा लिहिलायस, कशी तक्रार करू, तक्रार केली तर काय वाटेल. तक्रार करूच नकोस. तुला करायचीच गरज नाही, कारण खरं कारण सांगितलं तरी ते त्यांच्या बाजूचंच आहे. त्यांच्या घरी जा, फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच, जावेच्या आणि मावशींच्या समोर बोललीस तरी चालेल असंच बोलायचं आहे. काहीतरी असं म्हण: "भावोजी, तुम्ही वर्षभर मला नेलंत, दुसऱ्या कुणी केलं नसतं. पण माझं पंचिंग पावणेनऊचं, तुमचं ऑफिस साडेनऊचं, माझ्यासाठी तुम्हाला रोज लवकर निघावं लागतं आणि तरी माझी धाकधूक होते, माझ्या सुट्ट्या कापल्या जातात. पहिल्या तारखेपासून मी सकाळी बसने जाते. संध्याकाळी तुम्ही येत असाल तेव्हा तुमच्याबरोबर येईन." संपलं. 'तुम्ही उशीर करता' हे वाक्य यात कुठेही नाही आणि खोटं पण काही नाही. सुट्ट्यांचं मात्र गाळू नकोस, तेवढं त्यांना कळलं पाहिजे. मला खात्रीने वाटतं की तुझी सुट्टी जाते हे त्यांना आजवर माहीतच नाही, तू दरवेळी गाडीत बसताना 'असू दे हो भावोजी, झाला नाही उशीर' म्हणत असणार.

ते म्हणतील, "अगं उद्यापासून बरोब्बर पावणेआठला येतो, बस कशाला." म्हणतीलच. आणि मनापासून म्हणतील. तिथे तू विरघळू नकोस. हसून म्हण की नको, मी एक महिना बसने जाऊन बघते, नाही जमलं तर तुम्हालाच सांगणार ना. महिना हा शब्द महत्त्वाचा आहे, कायमचं तोडल्यासारखं वाटत नाही आणि तुला पण सवय व्हायला वेळ मिळतो. मावशी जरा फुरंगटतील, त्यांच्या मुलाचं कौतुक त्या चार लोकांत सांगत होत्या, ते कमी झाल्यासारखं वाटेल त्यांना. तर चार लोकांत तूच सांग ना, भावोजींनी वर्षभर नेलं म्हणून माझी नोकरी टिकली. ते खरंच आहे. नवीन नोकरीत पहिलं वर्ष त्यांच्या गाडीने काढलंस तू.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी सांगू नकोस, रागाच्या भरात पण नको, आणि ती म्हणजे नाटकाची. तू लिहिलंयस की जत्रेच्या नाटकात काम करतात. मला ते वाचून बरं वाटलं, आपल्याकडे अजून गावागावात माणसं दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला उभी राहतात. आता मनात येतंच की नाटकात एंट्री चुकत नाही तर सकाळीच कशी चुकते. चुकत नाही कारण तिथे पडदा उघडलेला असतो, समोर सगळा गाव बसलेला असतो, सोबतचा नट तोंडाकडे बघत असतो. तुझ्या गेटवर तू एकटी, ती पण गप्प. म्हणजे वेळ पाळणं त्यांना जमतं, तुझी वेळ त्यांना दिसत नाही एवढंच. पण हे तू तोंडावर बोललीस तर ते टोमणा म्हणून घेतील आणि वर्षभराचं सगळं त्या एका वाक्यात जाईल. हे तुझ्यासाठी सांगितलं, मनातला राग कमी व्हावा म्हणून.

आणि तालमींच्या दिवसांत ते रात्री कितीला झोपतात ते पण बघ जरा. रात्री एक-दीडला घरी येऊन सकाळी सव्वाआठला गाडी हाणणारा माणूस, तू शेजारी देवाचं नाव घेत. पत्रातलं मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच, सुट्ट्यांपेक्षा पण. उशीर झाला म्हणून वेग, आणि तो वेग तुझ्यासाठी! तुझं पंचिंग गाठून द्यायला ते जीव धोक्यात घालतात, स्वतःचा पण. तू सकाळी गाडीत नसशील तर ते सावकाश जातील. हे एवढं एक कारण असतं तरी मी तुला बसच सांगितली असती.

मिस्टरांशी वेगळं बोल, आणि भावोजींशी बोलायच्या आधी बोल. 'फुकट' म्हणतात ना ते, तर त्यांच्यासमोर पगाराची स्लिप आणि सुट्ट्यांचा हिशेब ठेव. गेलेल्या सीएल, मुलाच्या तापात बिनपगारी घेतलेले दिवस, संध्याकाळी गेटवर गेलेला तास, त्या तासात मुलाचा अभ्यास कोण घेतं, सासूबाईंना किती उशिरापर्यंत त्याच्याकडे बघावं लागतं. भांडायला नाही, दाखवायला. बऱ्याच नवऱ्यांना गाडीभाडं दिसतं आणि बायकोचा वेळ दिसत नाही, कारण त्याची पावती कुठे मिळत नाही. त्यांना वाटत असेल की मावसभावाला वाईट वाटेल, तर ते पण समजून घे, लहानपणापासून एकत्र वाढलेत. पण बोलायचं तूच. त्यांच्यामार्फत निरोप गेला की तो निरोप दोन घरांचा होतो.

संध्याकाळचं आता. संध्याकाळी तुझ्या मागे पंचिंग नाही, म्हणून तिथे मी गाडी सोड असं म्हणत नाही, तीस किलोमीटर दमून उभ्याने येण्यापेक्षा गाडी बरी. पण तू साडेपाच ते सात गेटवर का उभी असतेस ग? बसस्टँड पाच मिनिटांवर आहे! तू लिहिलंयस की एकदा बसने गेलीस आणि ते म्हणाले मी निघालोच होतो, आणि दोन दिवस बोलले नाहीत. म्हणून तेव्हापासून उभी. असं नको. एक वेळ ठरवून टाक, सहा. आधीच सांगून ठेव, त्याच घरी गेलीस त्या दिवशी, की सहापर्यंत तुमचा मेसेज आला तर मी थांबते, नाही आला तर मी निघाले असं समजा, मुलगा वाट बघतो. मग सहाला मेसेज नाही तर फोन पण करू नकोस. फोन केलास की ते 'पाच मिनिटं' म्हणतात आणि तू पुन्हा अडकतेस. सरळ एक मेसेज टाक, 'भावोजी, मी बसने निघाले, सावकाश या', आणि चालू लाग. पहिल्यांदा दोनदा ते रुसतील. तिसऱ्यांदा साडेपाचलाच विचारतील, थांबतेस का.

आणि अंधार पडेपर्यंत कुणाचीच वाट बघू नकोस. आठनंतर आपल्याकडे बसेस किती विरळ होतात तुला माहीत आहे, पणजीहून फोंड्याला काहीतरी मिळेल पण फोंड्याहून आत वाड्यावर जाताना एकटी स्कूटरवर, त्यापेक्षा सव्वासहाची बस घेतलेली बरी. कार्निव्हालच्या आणि शिगम्याच्या मिरवणुकीच्या दिवशी पणजीत नाहीतर फोंड्यात रस्ते बंद असतात, त्या दिवशी तर आधीच ठरवून लवकर निघ.

पेट्रोलचे पैसे. ते घेत नाहीत, म्हणून तू गप्प, आणि गप्प म्हणून बोलायचा हक्क नाही असं तुला वाटतं. हे चक्र मोड. हिशेब सांगते, जाऊन-येऊन साठ किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देत असेल तर चार लिटर, पेट्रोल शंभराच्या आसपास धरलं तर दिवसाला चारशे रुपये. त्यांना ते तसेही लागणारच, तू नसलीस तरी, म्हणून अर्धे द्यायचा प्रश्न येत नाही. पण अधूनमधून संध्याकाळी येताना पंपावर थांबले की तू उतरून थेट स्कॅन करून पाचशेचं पेट्रोल घाल. हातात पैसे ठेवले की घरचा माणूस रागावतो, पंपावर पोरगा पाइप लावून उभा असतो तेव्हा रागावायला वेळ नसतो. महिन्यातून एकदा-दोनदा, पुरे. कुणी तुला असं पण सुचवेल की गावातल्या कुणाची प्रायव्हेट गाडी महिन्याच्या भाड्याने लाव. ते नको. नातलगांनी पेट्रोल वाटून घेणं वेगळं आणि पिवळ्या नंबर प्लेटशिवाय भाडं मारणं वेगळं, काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिला तोच प्रश्न काढतात.

'गोव्यात असंच चालतं, सुशेगाद घ्या', म्हणजे निवांत घ्या, असं तुला ऑफिसातली मैत्रीण म्हणाली ना, ते मला अजिबात पटलं नाही. उजाडायच्या आत पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत दारात येतो, पाऊस असो नाहीतर चवथ म्हणजे गणेशचतुर्थी असो. मासळीवाली, दूधवाला, बालरथचा ड्रायव्हर, तुझ्या मिस्टरांची पहिली शिफ्ट, सगळा गोवा पहाटेपासून वेळेवर चाललेला असतो, म्हणून तर आपलं घर चालतं. कुणाच्या उशिराला गावाचं नाव देऊ नये.

शेवटी ऑफिसबद्दल, कारण तिथे पण तू काही विचारलेलंच दिसत नाही. एचआरला लेखी अर्ज कर, मेलवर केलास तरी चालेल, की मला पावणेनऊ ते साडेपाचऐवजी सव्वानऊ ते सहा अशी वेळ मिळेल का. बिलिंगच्या कामात अर्धा तास इकडेतिकडे बऱ्याच ठिकाणी जमतं, सकाळी काउंटर उघडणारी दुसरी कुणी असेल तर नक्कीच. ती वेळ मिळाली तर सकाळची बस पण सैल होते आणि संध्याकाळी भावोजींची आणि तुझी सुटायची वेळ पण जवळ येते. मागताना 'दीर उशीर करतात' हे सांगायचं नाही, मुलाची बालरथ आणि बसची वेळ एवढं पुरे. अर्जात हे पण विचार की लेट मार्कवरून सुट्टी कापायचा नियम लेखी कुठे आहे आणि किती मिनिटांची सूट आहे, काही ठिकाणी दहा मिनिटांची असते आणि लोकांना ठाऊकच नसतं. पगार कापायचा झाला तर जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता त्याच्या प्रमाणातच कापता येतो, हे १९३६ च्या पगाराच्या कायद्यापासून चालत आलंय, सुट्टीचे नियम मात्र कंपनी-कंपनीप्रमाणे बदलतात. भांडण काढायला नको, तुझे लेट मार्क खरे आहेत. पण नियम वाचलेली बाई आणि न वाचलेली बाई यांच्याशी एचआर वेगळं बोलतं, हे मात्र खरं.

एक राहिलंच, तुझी महिन्यातून एक रविवारची ड्युटी. रविवारी बसेस कमी असतात आणि भावोजींचं ऑफिस बंद, म्हणजे आजवर त्या दिवशी तुला मिस्टर सोडत असणार. तेच चालू ठेव, नाहीतर पणजीतच राहणाऱ्या कुणाबरोबर रविवार बदलून घे आणि तिचा एखादा सणाचा दिवस तू कर. चवथीच्या आधीच विचार, चवथ जवळ आली की कुणीच बदलून देत नाही.